मतपत्रिकेवर नाव चढवतं कोण?

दर नोव्हेंबरात आमच्या न्यूयॉर्कमधल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो. कुणीतरी मतपत्रिकेचा फोटो टाकतं. त्यावर एका कोपऱ्यात लिहिलेलं असतं: ‘जस्टिस ऑफ द सुप्रीम कोर्ट, कोणत्याही सहा जणांना मत द्या.’ लगेच एक बाजू म्हणते, न्यायाधीशाने मतं मागत फिरायचं म्हणजे न्यायाचा बाजारच, यापेक्षा आपली नेमणुकीची पद्धत शंभर पटींनी बरी. दुसरी बाजू म्हणते, निदान इथे लोक तरी निवडतात, तिकडे चार-पाच जण बंद दाराआड ठरवतात आणि एकशे चाळीस कोटींना ते पेपरात वाचायला मिळतं. दोन दिवस हे चालतं, मग दिवाळी अंकांचा विषय निघतो आणि वाद पुढच्या नोव्हेंबरापर्यंत झोपतो. मी पंधरा वर्षं हा वाद ऐकते आहे. माझी तक्रार अशी की दोन्ही बाजू चुकीच्या दारावर थापा मारत आहेत.

आधी एक खुलासा, कारण नावाने घोटाळा होतो. न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे सर्वोच्च न्यायालय नव्हे. खून, मोठे दिवाणी दावे, घटस्फोट, डॉक्टरांच्या हलगर्जीपणाचे दावे जिथे पहिल्यांदा उभे राहतात, साक्षी होतात, ज्युरी बसते, ते हे न्यायालय. आपल्याकडच्या जिल्हा व सत्र न्यायालयाच्या जवळचं. राज्यातलं सर्वांत वरचं न्यायालय म्हणजे ‘कोर्ट ऑफ अपील्स’, आणि तिथले न्यायाधीश १९७७ च्या घटनादुरुस्तीनंतर गव्हर्नर नेमतो. शहरात सुप्रीम कोर्टाच्या एक पायरी खाली सिव्हिल कोर्ट आहे. तिथे दहा वर्षांसाठी निवडून आलेले न्यायाधीश पन्नास हजार डॉलरपर्यंतचे दावे ऐकतात. या खालच्या न्यायालयात आठ-दहा वर्षं घासून निघालेल्या न्यायाधीशाला सुप्रीम कोर्टाची चौदा वर्षांची खुर्ची हवी असेल, तर त्याला किंवा तिला पुन्हा मतदारांपुढे यावं लागतं. माझं म्हणणं सरळ आहे. अशा अनुभवी न्यायाधीशाने लोकांपुढे यावं, लोकांनी तिचं काम बघून ठरवावं, यात न्यायाची अप्रतिष्ठा होत नाही. मत देण्याच्या कितीतरी आधी, मतपत्रिकेवर नाव चढवायचं की नाही हे जिथे ठरतं, अप्रतिष्ठा तिथे होते. आणि ते दार बंद असेल, तर निवडणूक असो की नेमणूक, चांगला न्यायाधीश बाहेरच राहतो.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या शेजारचे काका मूळचे साताऱ्याचे, मुलाकडे न राहता तळघरातल्या एका खोलीत भाड्याने राहायचे. खोली सोडल्यावर मालकाने एकोणीसशे डॉलरचं डिपॉझिट परत दिलं नाही. काकांनी शहराच्या क्वीन्स विभागातल्या जमैका भागातल्या सिव्हिल कोर्टात स्मॉल क्लेम्सचा, म्हणजे लहान रकमेचा, दावा लावला आणि मी सोबत गेले. हे कामकाज संध्याकाळी साडेसहाला सुरू होतं, कारण येणारे सगळे दिवसभर कामावर असतात. लवकर सुटायचं असेल तर लवादापुढे जाता येतं, पण त्याच्या निकालावर अपील नाही. काकांनी न्यायाधीशच हवा म्हणून हट्ट धरला आणि आम्ही लाकडी बाकावर पावणेदहापर्यंत बसलो. आमचा पुकारा झाला तेव्हा खोलीत आठ-दहा माणसं उरली होती. न्यायाधीश बाई दमलेल्या दिसत होत्या. मराठी दुभाष्या हवा म्हटल्यावर त्यांनी फोन लावायला सांगितला. स्पीकरवर आलेल्या बाई नागपूरकडच्या असाव्यात, त्यांच्या बोलण्याच्या लकबीने काकांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. मालक बोलत होता भिंतीच्या रंगाबद्दल, काका बोलत होते त्याच्या उद्धटपणाबद्दल. न्यायाधीश बाईंनी दोघांनाही थांबवून एकच विचारलं: खोलीची किल्ली कोणत्या दिवशी, कोणाच्या हातात दिली? मालक म्हणाला, महिनाभराने मिळाली. काकांच्या फोनमध्ये मालकाच्या भावाचा, किल्ली पोचल्याचा निरोप होता. बाईंनी तो दुभाष्या बाईंना वाचायला लावला, तारीख कागदावर लिहून घेतली, आणि दोघांना हरणाऱ्याचाही मान राहील अशा शब्दांत निरोप दिला. निकाल टपालाने आला. सोळाशे डॉलर परत, तीनशे भिंतीच्या दुरुस्तीचे कापून. काकांना तीनशेचं वाईट वाटलं, पण अन्याय झाला असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

रात्री पावणेदहाला, त्या दिवसाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भांडणात, नेमका किल्लीचा प्रश्न सुचणं, ही खालच्या न्यायालयात कमावलेली विद्या आहे. मोठ्या फर्ममध्ये वीस वर्षं करारनामे लिहून ती येत नाही. म्हणून अशा न्यायाधीशाला वरच्या न्यायालयात जावंसं वाटलं तर तिच्यासाठी रस्ता असायला हवा. तो आहे का?

मार्गारिता लोपेझ तोरेस यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९९२ मध्ये त्या न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागातून सिव्हिल कोर्टावर निवडून आल्या. त्यांचं म्हणणं असं की निवडून आल्यावर लगेच पक्षश्रेष्ठींनी आपली माणसं त्यांच्या कार्यालयात नोकरीला लावून घेण्याची मागणी सुरू केली. त्यांनी ती मानली नाही. पुढे १९९७, २००२ आणि २००३ अशी तीनदा त्यांनी सुप्रीम कोर्टासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली आणि तिन्ही वेळा त्यांना ती मिळाली नाही. ब्रुकलिनमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारी म्हणजे जवळपास विजयच, त्यामुळे तिकीट नाकारलं की विषय संपला.

आता यातली मेख. सिव्हिल कोर्टाचा उमेदवार पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत ठरतो, म्हणजे पक्षाचे नोंदणीकृत मतदार थेट मत देतात. सुप्रीम कोर्टाचा उमेदवार मात्र अधिवेशनात ठरतो. मतदार निवडतात ते अधिवेशनाचे प्रतिनिधी. एकेका विधानसभा मतदारसंघात प्रतिनिधी उभे करायचे तर सदतीस दिवसांत पक्षाच्या पाचशे मतदारांच्या सह्या लागतात, आणि एका न्यायिक जिल्ह्यात असे चोवीसपर्यंत मतदारसंघ असू शकतात. एकट्या न्यायाधीशाने, कोर्टाचं काम सांभाळून, प्रत्येक मतदारसंघात आपले प्रतिनिधी उभे करायचे म्हणजे एका माणसाने गोवर्धन उचलण्यासारखं. ही यंत्रणा असते फक्त पक्षसंघटनेकडे. कोणता प्रतिनिधी कोणत्या उमेदवारासाठी उभा आहे हेही मतपत्रिकेवर लिहिलेलं नसतं. बहुतेक प्रतिनिधी बिनविरोध येतात, आणि बिनविरोध असले की प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर त्यांची नावंही छापली जात नाहीत. मग अधिवेशनात वरून आलेली यादी वाचली जाते आणि हात वर होतात. महाराष्ट्रात राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. अर्ज कुणीही भरावा, पण एबी फॉर्म कोणाच्या खिशात आहे ते बघा, इतकं साधं हे आहे.

लोपेझ तोरेस यांच्या बाबतीत नियतीने जणू प्रयोगच करून दाखवला. २००२ मध्ये सिव्हिल कोर्टातली त्यांची दहा वर्षं संपली, तेव्हा पक्षाचा पाठिंबा नसताना मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. २००५ मध्ये त्या ब्रुकलिनच्या सरोगेट कोर्टासाठी उभ्या राहिल्या. हे मृत्युपत्रं आणि वारसांच्या मालमत्तेचं न्यायालय, आणि इथेही उमेदवारी थेट मतदारांच्या हाती. पक्षसंघटना विरोधात असूनही त्या जिंकल्या. बाई तीच, शहर तेच, मतदार तेच. जिथे दार मतदारांच्या हातात होतं तिथे त्या आत गेल्या, जिथे दार श्रेष्ठींच्या हातात होतं तिथे तीनदा बाहेर राहिल्या. मग ‘न्यायाधीश निवडणुकीने यावेत की नेमणुकीने’ हा प्रश्न या प्रकरणात कुठे बसतो?

त्यांनी २००४ मध्ये दावा लावला. खालच्या दोन्ही संघीय न्यायालयांनी त्यांच्या बाजूने कौल दिला, पण जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फिरवला. न्या. स्कॅलिया यांनी लिहिलं की धुराने भरलेल्या खोल्या आणि नेत्यांचं वर्चस्व असलेली अधिवेशनं ही उमेदवार ठरवण्याची फार जुनी, मान्य रीत आहे आणि घटना तिच्या आड येत नाही. न्या. स्टीव्हन्स यांनी सहमती दिली, पण जोडीला आपले जुने सहकारी थर्गुड मार्शल यांचं एक वचन उद्धृत केलं, त्याचा आशय असा की विधिमंडळाने मूर्खपणाचे कायदे करू नयेत असं राज्यघटनेत कुठे लिहिलेलं नाही. निकाल घटनेच्या चौकटीत बरोबर असेलही. पण कायदा मूर्खपणाचा असू शकतो हे जिथे न्यायमूर्तीच सुचवतात, तिथे तो बदलायची जबाबदारी आमच्यावर, मतदारांवर येते.

विरोधी बाजूकडे बळकट मुद्दे नाहीत असं मी म्हणणार नाही. सर्वांत बळकट मुद्दा भीतीचा आहे. पुन्हा निवडून यायचं असलेला न्यायाधीश लोकांच्या रागाला घाबरतो. पेनसिल्व्हेनियातल्या खटल्यांच्या न्यायाधीशांवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की निवडणूक जवळ येईल तसे तेच न्यायाधीश जास्त कडक शिक्षा द्यायला लागतात. हे वाचून मी अस्वस्थ झाले, आजही आहे. निवडणूक तोंडावर नसून दूर असती तर एखादा माणूस काही महिने आधी घरी गेला असता, हा विचारच भयंकर आहे. आयोवात २०१० मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या निकालानंतर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या तीन न्यायमूर्तींना मतदारांनी घरी बसवलं. वेस्ट व्हर्जिनियात २००४ मध्ये एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने स्वतःच्या खिशातले सुमारे तीस लाख डॉलर ओतून एका उमेदवाराला सर्वोच्च न्यायालयावर निवडून आणायला मदत केली, आणि मग त्याच कंपनीचं अपील त्याच न्यायमूर्तीपुढे आलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला २००९ मध्ये सांगावं लागलं की त्या न्यायमूर्तीने बाजूला व्हायला हवं होतं.

पण या उदाहरणांकडे नीट बघा. आयोवा आणि वेस्ट व्हर्जिनिया ही राज्याला कायदा घालून देणारी सर्वोच्च न्यायालयं आहेत. तिथे एक निकाल लाखोंचं आयुष्य बदलतो, म्हणून तिथे पैसाही ओतला जातो आणि रागही. त्या पातळीवर निवडणूक नको, हे मी मान्य करते. न्यूयॉर्कने १९७७ मध्ये आपल्या वरच्या न्यायालयापुरतं तेच केलं आणि योग्य केलं. खटल्याचं न्यायालय वेगळं. तिथे प्रश्न असतो साक्षीदार खरं बोलतोय का, पंचनाम्यातली वेळ जुळते का, किल्ली कोणाच्या हातात दिली. तिथे चुकलं तर वर अपील आहे. पेनसिल्व्हेनियाच्या भीतीवर उतारा म्हणजे लांब मुदत. न्यूयॉर्कच्या सुप्रीम कोर्टाची मुदत चौदा वर्षांची आणि सर्वसाधारण निवृत्ती सत्तराव्या वर्षी. पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी निवडून आलेल्या न्यायाधीशाला बहुधा पुन्हा मतदारांचं तोंड बघावंच लागत नाही. आणि पुन्हा मर्जी सांभाळण्याची भीती नेमणुकीतही असतेच. याच शहरात क्रिमिनल कोर्टाचे न्यायाधीश महापौर नेमतो, दहा वर्षांसाठी, आणि मुदत संपली की पुन्हा नेमायचं की नाही हेही महापौरच ठरवतो. लाखो मतदारांची भीती वाईट, मग एका महापौराची चांगली कशी?

पैशाचा मुद्दा मला जास्त टोचतो. न्यायाधीशाच्या प्रचाराला देणगी कोण देतं? ज्यांना त्याच्यापुढे उभं राहायचं असतं ते वकील. उमेदवाराने स्वतः हात पसरायचे नाहीत, समितीने गोळा करायचं, असा नियम आहे, पण देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत असं कोण मानेल? न्यूयॉर्कने २०११ मध्ये नियम केला की गेल्या दोन वर्षांत अडीच हजार डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्या वकिलाचं किंवा पक्षकाराचं प्रकरण त्या न्यायाधीशाकडे लावायचं नाही. चांगला नियम आहे, अडीच हजारांची मर्यादा मला फार वाटते, पाचशेवर आणावी. ही दुखण्यावरची मलमपट्टी आहे हे मला कळतं. पण लोपेझ तोरेस यांच्या बाबतीत आडवा पैसा आला नव्हता, आडवी संघटना आली होती.

दुसरा आक्षेप मतदाराच्या अज्ञानाचा. मी मतदान केंद्रात, शाळेच्या जिममध्ये, पेनाने गोल भरत उभी असते आणि सहा नावांपैकी पाच नावं आयुष्यात पहिल्यांदा वाचत असते. क्वीन्समध्ये कित्येकदा तीच नावं दोन्ही मोठ्या पक्षांच्या रांगेत असतात, म्हणजे निवडायला काही नसतंच. तरीही अज्ञान हा मतदाराचा जन्मजात दोष आहे, हे मला मान्य नाही. ते तयार केलं जातं. ॲरिझोनात, कोलोरॅडोत, युटामध्ये न्यायाधीशाला मुदत संपताना लोकांचा कौल घ्यावा लागतो, आणि त्याआधी एक सरकारी आयोग वकिलांना, पक्षकारांना, ज्युरींना, कोर्टातल्या कर्मचाऱ्यांना प्रश्नावली पाठवतो. न्यायाधीश वेळेवर बसतो का, नीट ऐकून घेतो का, कायदा जाणतो का, समोरच्याला माणूस म्हणून वागवतो का, याची उत्तरं मतदानाआधी जाहीर होतात. २०२४ मध्ये ॲरिझोनात बहुतेक न्यायाधीशांना या कौलातून मोकळं करायचा प्रस्ताव आला, तो मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळला. म्हणजे माहिती मिळाली तर लोक हा अधिकार सोडायला तयार नसतात. आणि इथेच खालच्या न्यायालयातल्या न्यायाधीशाचं बळ आहे. पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या वकिलाबद्दल आपल्याला त्याचं पत्रक काय सांगतं तेवढंच कळतं. दहा वर्षं निकाल दिलेल्या न्यायाधीशाचं कपाट भरलेलं असतं. किती निकाल अपिलात टिकले, किती प्रकरणं वर्षानुवर्षं लोंबकळली, हे सगळं मोजता येतं. ते कपाट उघडत का नाही?

तिसरा आक्षेप मला सर्वांत आवडतो, कारण तो विचार करायला लावतो. खालच्या न्यायालयातला अनुभव म्हणजे गुणवत्ता, असं कोणी सांगितलं? डिपॉझिटचे दावे उत्तम चालवणारी बाई खुनाच्या खटल्यात ज्युरीला कायदा समजावून सांगू शकेलच असं नाही. दहा वर्षं कंटाळवाणेपणाने, पक्षकारांवर खेकसत काढलेले न्यायाधीशही असतात, त्यांचा अनुभव कुणाच्या कामाचा? याला इतिहासातलं सर्वांत जबरदस्त उदाहरण न्यूयॉर्कचंच आहे. बेंजामिन कार्डोझो १९१३ मध्ये सुप्रीम कोर्टावर निवडून आले तेव्हा ते एक दिवसही न्यायाधीश नव्हते, वकील होते. निसटत्या मतांनी आले, आणि पुढे अमेरिकन कायद्यातलं एक सर्वांत मोठं नाव झाले. त्यांचे वडील आल्बर्ट कार्डोझो याच न्यायालयावर न्यायमूर्ती होते, टॅमनी हॉल या शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षसंघटनेच्या आणि तिचा म्होरक्या ‘बॉस’ ट्वीडच्या काळात. भ्रष्टाचाराचे आरोप झाले, महाभियोगाची तलवार लटकली आणि १८७२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. एकाच घरातली दोन माणसं, एकाच न्यायालयावर, दोघंही निवडणुकीने. वडील त्या टोळीच्या मर्जीतले, मुलगा त्याच टॅमनीच्या विरोधात एकत्र आलेल्या आघाडीचा उमेदवार. निवडणुकीची पद्धत तीच होती, उमेदवार आणणारे हात वेगळे होते. म्हणून अनुभवी न्यायाधीशासाठी खुर्ची राखून ठेवा असं मी म्हणत नाही. नवा कार्डोझो आला तर तोही यावा. पण सिव्हिल कोर्टातले कित्येक न्यायाधीश प्रशासनाच्या आदेशाने ‘कार्यकारी’ म्हणून सुप्रीम कोर्टाचं काम आजही करतच असतात, तीच प्रकरणं, तीच खुर्ची. कामाला चालतात, मग उमेदवारीला का नाही?

आता आमच्या ग्रुपवरच्या पहिल्या बाजूकडे येते, जिला नेमणूक म्हणजे निखळ गुणवत्ता वाटते. त्यांचं हुकमी उदाहरण रामशास्त्री. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश पेशव्यांनीच नेमलेला होता ना? होता. पण ते सांगून रामशास्त्र्यांना पुणं सोडावं लागलं. व्यवस्थेने त्यांना राखलं नाही, त्यांच्या शीलाने त्यांना राखलं. शील नेमता येत नाही. त्यापेक्षा मला रानडे आठवतात. न्या. महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यात फर्स्ट क्लास सबजज्ज झाले. दिवाणी न्यायाची त्यांच्याइतकी जाण असलेला माणूस त्या काळी मुंबई इलाख्यात क्वचितच असेल. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, पुण्यात बुधवारवाड्याला आग लागली, आणि सरकारला रानड्यांचाच संशय आला. नाशिकहून त्यांना धुळ्याला पाठवलं गेलं. संशय फिटला, पण हायकोर्टाची खुर्ची मिळायला १८९३ साल उजाडलं, तीही न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या अकाली निधनाने रिकामी झाली तेव्हा. पुण्यात सबजज्ज झाल्यापासून बावीस वर्षं. इथे मतपत्रिका नव्हती, प्रचार नव्हता, देणग्या नव्हत्या. दार होतं आणि दारावर साहेब होता. ब्रुकलिनमधल्या बाई आणि धुळ्यातले रानडे यांच्यात शंभराहून जास्त वर्षांचं अंतर आहे, पण दोघं उभे होते ती जागा एकच.

स्वतंत्र भारतातही हे सुटलं नाही. १९७३ मध्ये शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरकारने ए. एन. राय यांना सरन्यायाधीश केलं. १९७७ मध्ये आणीबाणीत एकट्याने विरोधी मत देणाऱ्या एच. आर. खन्नांना डावललं. त्यावरचा उपाय म्हणून न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायची कॉलेजियम पद्धत १९९३ पासून आली, आणि तिला पर्याय म्हणून आणलेला आयोग सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मताने रद्द केला. डॉ. आंबेडकरांनी २४ मे १९४९ रोजी घटना समितीत हे आधीच ओळखलं होतं. सरन्यायाधीशाची संमती सक्तीची करा ही मागणी त्यांनी नाकारली, कारण सरन्यायाधीशही आपल्यासारखाच गुणदोष असलेला माणूस आहे, त्याच्या हाती नकाराधिकार द्यायचा म्हणजे जो अधिकार राष्ट्रपतीला किंवा सरकारला द्यायला आपण तयार नाही, तो त्याला देणं. हेच वाक्य ब्रुकलिनच्या पक्षश्रेष्ठींना लावून बघा. अक्षर न अक्षर लागू पडतं.

माझ्या बाजूचीही एक अडचण लपवायची नाही. अधिवेशन काढून टाका, थेट प्राथमिक निवडणूक आणा, हे न्यूयॉर्कने करून पाहिलेलं आहे. १८४६ च्या राज्यघटनेने न्यायाधीशांच्या नेमणुका गव्हर्नरकडून काढून लोकांकडे दिल्या. १९११ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या उमेदवारीसाठी थेट प्राथमिक निवडणूक आली. दहाच वर्षांत, १९२१ मध्ये, ती बंद करून पुन्हा अधिवेशन आणलं गेलं. तक्रार अशी होती की थेट निवडणुकीला इतका खर्च येतो की चांगली माणसं उभीच राहत नाहीत, आणि मुरलेले राजकारणी तीही वाकवतात. ही तक्रार खोटी नव्हती. म्हणून अधिवेशन मोडा अशी घोषणा मी देत नाही. पण अधिवेशन ठेवायचं तर ते खरं अधिवेशन असू दे. जो न्यायाधीश एक मुदत पूर्ण करून आला आहे आणि ज्याला छाननी समितीने पात्र ठरवलं आहे, त्याचं नाव अधिवेशनापुढे आपोआप यायला हवं, चोवीस मतदारसंघांत सह्या गोळा न करता. त्याने प्रतिनिधींपुढे बोलावं, प्रतिनिधींनी प्रश्न विचारावेत, आणि मत गुप्त व्हावं. प्रतिनिधी कोणाकडे झुकलेला आहे हे मतपत्रिकेवर छापावं. २००७ पासून राज्यात उमेदवारांची छाननी करणाऱ्या स्वतंत्र समित्या आहेत. त्यांनी पात्र-अपात्र एवढंच न सांगता कारणं लिहावीत. यातल्या कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही. राज्याच्या राजधानीतल्या, अल्बनीतल्या, विधिमंडळाची इच्छा लागते, आणि ती इच्छा ज्यांच्या हाती आहे तेच एबी फॉर्म वाटणारे आहेत, हे मला कळतं. म्हणूनच हा प्रश्न आमच्यासारख्या मतदारांनी उचलायला हवा. आम्ही नोव्हेंबरात पद्धत चांगली की वाईट यावर भांडतो, पण खेळ संपलेला असतो ऑगस्टात, अधिवेशनात, आणि त्याची सुरुवात होते मार्चमध्ये, रस्त्यावर.

या मार्चमध्ये ७४ स्ट्रीटच्या स्टेशनखाली, जिन्याजवळ, एक मुलगा हातमोजे घालून क्लिपबोर्ड घेऊन उभा होता. वारा इतका होता की कागद धरायला दुसरा हात लागत होता. पक्षाची सदस्य आहात का, सही द्याल का, त्याने विचारलं. मी यादी वाचली. वर काउन्सिलचं नाव, मग जिल्ह्यातल्या पदांची, आणि खाली बारीक अक्षरात ‘न्यायिक अधिवेशनाचे प्रतिनिधी’ म्हणून दहा-बारा नावं. एकही ओळखीचं नव्हतं. मी विचारलं, ही माणसं न्यायाधीश म्हणून कोणाला निवडणार? त्याने कागद स्वतःकडे वळवला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, हे मला कुणी सांगितलं नाही. मग त्याने कुणाला तरी फोन लावला, ऐकून घेतलं, आणि म्हणाला, ते ऑगस्टमध्ये ठरेल म्हणतात. मी जमैकाच्या सिव्हिल कोर्टातल्या त्या न्यायाधीश बाईंचं नाव त्याला सांगितलं, यादीतलं कुणी त्यांच्यासाठी बोलेल का, असं विचारलं. त्याने ते नाव कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारून. सही मी अजून केलेली नाही. तो पुढच्या शनिवारी पुन्हा तिथेच उभा असणार आहे, आणि उत्तर घेऊन येतो म्हणाला आहे.